चाळणीत राहिलेला कोंडा

सकाळचे साडेसात वाजले होते. नातवाची शाळेची बस आठला येणार होती, मुलाला कारखान्याची पहिली पाळी गाठायची होती आणि घरात संडास एकच. त्याचे दार मात्र पाऊण तासापासून बंद होते. आत आजोबा होते.

“बाबा, बरे वाटत नाही का?” सुनेने दाराबाहेरून हळूच विचारले.

“आलो, आलो. तू त्याचा डबा भर, सूनबाई,” आतून उत्तर आले.

असे दृश्य कितीतरी घरांत रोज दिसते. या घरातले आजोबा सत्तर वर्षे सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहिले. आजी गेल्यावर मुलाने त्यांना वडोदऱ्याला आणले, त्याला आठ महिने झाले होते. सून प्रेमळ. बाबांना चावायला त्रास होऊ नये म्हणून ती त्यांच्यासाठी सारे मऊ मऊ करत असे. सकाळी चहात बुडवायला टोस्ट, न्याहारीला रव्याचा उपमा नाहीतर पाव, दुपारी पांढराशुभ्र भात, चार वाजता खारी आणि रात्री पुन्हा भात. कधी पोळ्या केल्याच, तर कणीक बारीक चाळणीने दोनदा चाळलेली. गावी दोन वेळा ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाणारे आजोबा मुकाट्याने ताटात येईल ते खात होते.

दोन महिन्यांपासून शौचाच्या वेळी त्यांना रक्त दिसत होते. पण सुनेजवळ असल्या गोष्टी कशा बोलायच्या? मुलगा दिवसभर कामावर. शेवटी एके दिवशी नातवानेच सांगितले, “आई, आजोबांच्या धोतराला रक्त लागलंय.” त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेले गेले.

डॉक्टरांनी आधी नीट तपासले, आवश्यक त्या तपासण्या करून घेतल्या आणि मोठा आजार नसल्याची खात्री केली. खडा झालेला मल आणि रोजचे कुंथणे यांमुळे मूळव्याध सुजली होती. मग त्यांनी विचारले, “आजोबा, गावी काय खात होता आणि इथे काय खाता?” उत्तर ऐकताना सुनेचा चेहरा उतरला.

खरे पाहता चूक तिची नव्हती. पांढरे, मऊ आणि चाळलेले ते चांगले, असे आपण सारेच समजत आलो आहोत. चाळणीत वर राहतो तो कोंडा गाईला घालायचा किंवा टाकून द्यायचा, ही घरोघरची रीत. त्या कोंड्याला आपल्या आतड्यात काय काम असते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

दाण्याचे तीन भाग

गव्हाचा दाणा पाहायला एकसंध दिसला, तरी त्याचे तीन भाग असतात. सर्वांत बाहेर कोंड्याची आवरणे असतात. दाण्याच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे १४ ते १५ टक्के. एका टोकाला इवलासा अंकुर असतो, तो जेमतेम अडीच-तीन टक्के. उरलेला सुमारे ८३ टक्के भाग म्हणजे आतला पांढरा गाभा. गाभ्यात मुख्यतः पिष्ट आणि काही प्रथिने असतात. तंतुमय पदार्थ, म्हणजे ज्याला आपण चोथा म्हणतो तो, बहुतेक सारा कोंड्यात असतो. ब गटातील जीवनसत्त्वे, लोह, जस्त आणि मॅग्नेशियम यांचाही मोठा हिस्सा कोंडा आणि अंकुर यांतच असतो.

जात्यावर दळले की तिन्ही भाग पिठात उतरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. त्यांनी कोंडा आणि अंकुर बाजूला काढून केवळ गाभ्याचे पांढरे पीठ मोठ्या प्रमाणावर तयार करता येऊ लागले. अंकुरात तेल असल्यामुळे पूर्ण दाण्याचे पीठ लवकर खवट होते. मैदा मात्र महिनोन्‌महिने टिकतो. व्यापाराला ते सोयीचे होते. तांदळाचेही तेच झाले. उखळात सडलेल्या तांदळावर कोंड्याचा थोडा थर राहत असे. यंत्राने पॉलिश केलेल्या तांदळावर तो राहत नाही.

यामुळे किती फरक पडतो? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांतील घटकांची सारणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११.४ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर तेवढ्याच मैद्यात केवळ २.८ ग्रॅम. बाजरीत सुमारे ११.५, नाचणीत ११.२ आणि ज्वारीत १०.२ ग्रॅम असतात. बिनपॉलिशच्या तांदळात ४.४, तर पांढऱ्या तांदळात २.८ ग्रॅम.

हा हिशेब ताटात मांडून पाहू. दिवसाकाठी चार पोळ्यांना साधारण १२० ग्रॅम कणीक लागते. तिच्यातून सुमारे साडेतेरा ग्रॅम तंतू मिळतात. तेवढ्याच मैद्याचे पाव, टोस्ट आणि खारी खाल्ली तर सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. म्हणजे पोळ्यांनी निम्म्याहून अधिक गरज भागते, तर मैद्याने जेमतेम आठवा हिस्सा.

आतड्यात काय घडते?

आपण खाल्लेले पिष्ट लहान आतड्यात पचते आणि त्याची साखर होऊन रक्तात जाते. मैद्याचे किंवा पांढऱ्या भाताचे पिष्ट तर झटकन पचते. त्यातले पुढे मोठ्या आतड्यापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. तंतूंचे तसे नाही. ते तोडणारे पाचकरस माणसाच्या शरीरात नाहीत, म्हणून ते न पचता मोठ्या आतड्यात येतात. एके काळी डॉक्टरही त्यांना निरुपयोगी चोथा मानत. पण त्यांचे खरे काम इथेच सुरू होते.

मोठ्या आतड्याचे एक काम म्हणजे आलेल्या लगद्यातले पाणी शोषून घेणे. लगदा जितका थोडा आणि जितका वेळ रेंगाळेल, तितका तो कोरडा आणि कठीण होतो. गव्हाचा कोंडा पाणी धरून ठेवतो, मलाचे आकारमान वाढवतो आणि आतड्याच्या स्नायूंना पुढे ढकलायला काहीतरी देतो. त्यामुळे मल मऊ राहतो आणि लवकर बाहेर पडतो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल खड्यासारखा असणे, दर वेळी कुंथावे लागणे ही बद्धकोष्ठाची लक्षणे होत. मूळव्याध आणि गुदद्वाराला पडणारी चीर या दोन्ही तक्रारी पुष्कळदा त्यातूनच उद्भवतात.

दुसरे काम अधिक नवलाचे आहे. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारे काही तंतू हे त्यांचे अन्न. ओट आणि जव यांतील बुळबुळीत तंतू ते विशेष आवडीने आंबवतात. त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. या पेशी आपली बहुतेक शक्ती रक्तातल्या साखरेऐवजी जिवाणूंनी केलेल्या या आम्लातून मिळवतात. तंतू मिळाले नाहीत तर जिवाणू उपाशी राहतात. अशा वेळी काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा संरक्षक श्लेष्माच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

एका शल्यचिकित्सकाचे निरीक्षण

तंतूंकडे जगाचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाला जाते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता, तरीही ते निष्णात सर्जन झाले. १९४६ पासून पुढे अनेक वर्षे त्यांनी युगांडात काम केले. तेथील लहान मुलांत आढळणाऱ्या एका कर्करोगाला त्यांचेच नाव मिळाले आहे.

ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सकांपुढे रोज येणारे आजार, म्हणजे मूळव्याध, आंत्रपुच्छाचा दाह, मोठ्या आतड्याला येणारे फुगवटे, आफ्रिकेतल्या खेड्यांत क्वचितच दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. निरनिराळ्या देशांतल्या ग्रामीण रुग्णालयांशी पत्रव्यवहार करून त्यांनी माहिती जमवली. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण कोणी फारशी न केलेली गोष्ट केली. माणसाने खाल्लेले अन्न बाहेर पडायला किती वेळ लागतो आणि मलाचे वजन किती भरते, हे मोजले. जाडेभरडे धान्य खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा मल वजनाने कितीतरी जास्त होता आणि तो कितीतरी कमी वेळात बाहेर पडत होता. हे निष्कर्ष १९७२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

बर्किट १९९३ साली वारले. त्यांनी ज्या ज्या आजारांचा संबंध चोथ्याच्या अभावाशी जोडला, त्या सर्वांबाबत त्यांचे म्हणणे जसेच्या तसे सिद्ध झालेले नाही. पण मूळ मुद्दा टिकला. २०१५ साली एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातील २० जणांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकी मंडळींना मका, कडधान्ये असा भरपूर तंतूंचा व कमी चरबीचा आहार मिळाला. आफ्रिकी मंडळींना मांस व चरबी अधिक आणि तंतू कमी असलेला. पंधरवड्यातच अमेरिकी गटाच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि अस्तराची सूज उतरली. आफ्रिकी गटात उलट घडले. यात केवळ धान्यच बदलले नव्हते, चरबी आणि मांसही बदलले होते, हे खरे. तरी आतडे आहाराला किती लवकर दाद देते, हे त्यातून दिसले.

२०१९ साली ‘लॅन्सेट’मध्येच १८५ दीर्घकालीन पाहण्या व ५८ प्रत्यक्ष चाचण्या यांचा एकत्रित आढावा आला. सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत अधिक खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले.

नावाला भुलू नका

आपल्या देशाला हे सारे नवीन वाटण्याचे कारण नाही. राजस्थानात बाजरीचा रोटला, पंजाबात मक्याची रोटी, कर्नाटकात नाचणीचे मुद्दे, केरळात लाल तांदूळ, बिहारात सत्तू आणि महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीची भाकरी ही रोजचीच अन्ने होती. शहरात आल्यावर ती मागे पडली. आता तीच दुकानात भारी भावाच्या आकर्षक पुड्यांत दिसतात.

दुकानातून आणताना थोडे चौकस असावे. तपकिरी रंगाचा पाव अख्ख्या गव्हाचाच असतो असे नाही. रंग घालूनही तो तपकिरी करता येतो. वेष्टनावर घटकांची यादी असते आणि जो घटक सर्वांत जास्त तो आधी लिहिलेला असतो. तेथे ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असे पहिले नाव असेल, तर तो मैदाच समजावा. ‘मल्टीग्रेन’ बिस्किटांचेही तेच.

रवा गव्हाचा असला तरी त्यातला कोंडा बहुतेक गेलेला असतो. लाप्शीचा दलिया मात्र अख्ख्या गव्हाचा. उपवासाचा साबुदाणा तर धान्यच नव्हे. तो टॅपिओकाच्या कंदाच्या पिष्टापासून करतात आणि त्यात तंतू जवळजवळ नसतात. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पोट जड का राहते, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते. भगर, राजगिरा यांचा पर्याय आपल्याकडे आहेच.

घाई नको

हे वाचून उद्यापासूनच घरातला तांदूळ बंद करून सर्वांपुढे बाजरीच्या भाकऱ्या ठेवल्या, तर तिसऱ्या दिवशी घरभर वायूची तक्रार सुरू होईल. जिवाणूंना नव्या अन्नाची सवय व्हायला अवधी लागतो. म्हणून पहिला आठवडा एवढेच करावे की कणीक बारीक चाळणीने चाळणे बंद करायचे. धान्य स्वच्छ निवडून दळायला दिले, तर कोंडा काढून टाकण्याची गरज नसते. गिरणीवाल्याला पीठ किंचित जाडसर दळायला सांगावे. दुसऱ्या आठवड्यात टोस्ट-खारीऐवजी दलिया, पोहे किंवा नाचणीची आंबील द्यावी. मग आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी. बिनपॉलिशचा तांदूळ आवडत नसेल तर आधी तो निम्मा मिसळावा आणि तास-दोन तास भिजवून शिजवावा.

तंतू वाढवले की पाणीही वाढवले पाहिजे. कोंडा पाणी धरतो, पण पाणीच नसेल तर पोट आणखी आवळते. त्याबरोबर उसळी, पालेभाज्या, फळे आणि रोजचे चालणेही हवे. शौचाची भावना झाली की ती टाळू नये.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कोंड्यातील फायटिक आम्लामुळे लोह व जस्त यांचे शोषण थोडे कमी होते. पीठ आंबवणे आणि धान्याला मोड आणणे या जुन्या पद्धतींनी ते आम्ल घटते. जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कोणी जपावे?

जुलाब होत असतील तेव्हा कोंडा नको. त्या वेळी मऊ भात, पेज, दहीभात हेच योग्य. पांढऱ्या तांदळाचेही आपले स्थान आहे. आतड्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा आतडे अरुंद झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. अगदी लहान मुलांचे पोट चोथ्याने लवकर भरते आणि अन्न कमी पडते, म्हणून त्यांना कोंड्याचे पदार्थ बेताने द्यावेत. काही जणांचे आतडे मुळातच हळवे असते. त्यांना गव्हाच्या कोंड्याने पोटदुखी आणि वायू वाढतो. त्यांनी ओट किंवा इसबगोल थोड्या प्रमाणात घेऊन पाहावे.

सिलिअॅक या आजारात तर गहूच वर्ज्य असतो. डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाविषयी संशय होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे असे बालरुग्ण सुधारले आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडले. दोष गव्हातील ग्लूटेनचा असतो. अशा रुग्णाला मैदा आणि कोंड्यासह कणीक दोन्ही सारखीच घातक. भात, ज्वारी, बाजरी आणि नाचणी त्यांना चालते. फक्त दळताना त्यांत गव्हाचे पीठ मिसळता कामा नये. भारतात हा आजार मुख्यतः गहू खाणाऱ्या उत्तर भागात आढळतो.

बद्धकोष्ठाचे कारण दर वेळी आहारच असते असेही नाही. थायरॉइडची कमतरता, लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही पोट साफ होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, पंडुरोग होणे किंवा उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘मूळव्याध असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही हीच लक्षणे असू शकतात. भाकरी त्यावर इलाज नव्हे. आधी डॉक्टर, मग आहार.

वडोदऱ्याच्या त्या घरी डॉक्टरांनी थोडे औषध दिले आणि जेवणाचा बदल सांगितला. सुनेने ज्वारीचे पीठ आणले. भाकरी करायची सवय मोडली होती; पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. आजोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“पीठ गरम पाण्यात भिजव, सूनबाई. तुझ्या सासूचं असंच व्हायचं सुरुवातीला.”

“मग तुम्ही इथेच बसा बाबा आणि मला सांगा,” ती म्हणाली.

चावायला त्रास नको म्हणून भाकरी आमटीत कुस्करून द्यायची, हे दोघांनी मिळून ठरवले. महिन्याभरात सकाळच्या पाऊण तासाचा दहा मिनिटांवर आला. नातवाची बस आता चुकत नाही. आणि पोटाची तक्रार असली तर आजोबा आता ती लपवत नाहीत, सुनेला सरळ सांगतात.